'खाचर'मध्ये दोष नव्हता

सात वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, पुण्यातल्या एका गेम प्रदर्शनाच्या अंतिम यादीतून 'खाचर' नावाचा गेम काढून टाकण्यात आला. गेम करणारी मुठा गावची अश्विनी. तेव्हा सव्वीस वर्षांची. कारण असं दिलं गेलं की प्रवेशाची मुदत संपल्यावर तिने गेमच्या फाइलमध्ये फेरफार केला. तिने फेरफार केलेला नव्हता. केला, असं आयोजकांना फोनवर सांगणारा माणूस मी होतो.

हे मी सात वर्षं कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, भावाला नाही, ज्या वर्तमानपत्रात मी बावीस वर्षं काढली तिथे तर नाहीच. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही म्हणाल – एक गेम? एका कॉम्प्युटर गेमसाठी पन्नाशीतला माणूस एवढं गंभीर तोंड करून बसतो? हो, बसतो. गेम म्हणजे पोरांना गप्प बसवायची सोय, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच पान उलटावं. मी त्यांच्यासाठी लिहीत नाही.

त्या फोनपर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल. टाळतो आहे असं समजा हवं तर. बहुधा टाळतोच आहे.

वर्तमानपत्रात मी बातमीदार म्हणून लागलो आणि नंतर डेस्कवर बसलो. माझ्याकडे दोन किरकोळ कामं होती, जी दुसऱ्या कुणाला नको होती. एक, रविवारच्या पुरवणीत नव्या गेमचं परीक्षण. दुसरं, आतल्या पानावरची 'दुरुस्ती'ची चौकट. काल अमुक गावाचं नाव चुकलं, तमुक माणसाचं वय चुकलं, त्याबद्दल दिलगीर आहोत – ती चौकट. इतरांच्या चुका मी तिथे नेमाने छापत असे. कुणी रडकुंडीला आला तरी छापत असे. मी कडक आहे अशी ऑफिसात माझी ख्याती होती, आणि ती मला आवडायची.

आता नोकरी नाही. पिरंगुटला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी राहतो. मुळशीतली जमीन आम्ही भावांनी विकली. तिथे आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी तंबू आहेत आणि पोहण्याचा निळा हौद आहे. माझ्याकडे वेळ आहे. गेल्या सहा महिन्यांत मी नऊ गेम खेळलो, चार जुने, पाच नवे. कुणी परीक्षण मागितलेलं नाही, तरी सांगतो.

नव्यातला सर्वांत मोठा गेम असा की नकाशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला घोड्यावरून जायला चाळीस मिनिटं लागतात. गवताचं पातं न् पातं वेगळं हलतं. पण त्यात हरवता येत नाही. कुठे जायचं त्याचा बाण सतत डोक्यावर असतो. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस विचारण्याआधीच सांगून मोकळा होतो – डोंगरामागे गुहा आहे, गुहेत किल्ली आहे. साठ तास खेळलो. साठ तासांत मला एकही प्रश्न पडला नाही. चित्रं अप्रतिम आहेत. मी तो पुन्हा उघडणार नाही.

जुन्यातला एक मी शाळेत असताना पौडला खेळलो होतो. सायकलच्या दुकानामागे एक खोली होती, चार टीव्ही, चार यंत्रं. कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडाने फुंकायची, परत घालायची. त्या गेममध्ये तिसऱ्या दालनानंतर एक भिंत यायची. पुढे रस्ताच नाही. दोन वर्षं आम्ही सगळे त्या भिंतीपाशी मरत होतो. यंत्र बिघडलंय असं एकदाही कुणी म्हणालं नाही. आम्ही म्हणायचो, आपल्याला येत न्हाई. मग भूगावचा एक मुलगा आला आणि त्याने दाखवलं – खाली बसून मागे सरकायचं, फरशी आपोआप बाजूला होते. त्या दिवशी खोलीत जो आरडाओरडा झाला तो मला अजून ऐकू येतो. यंदा मार्चमध्ये ते दालन पुन्हा समोर आलं तेव्हा बोटांनी मला न विचारता ते केलं.

हे मी का सांगतो आहे? कारण परक्या देशात, परक्या माणसाने केलेल्या गेमला मी दोन वर्षं दिली. आणि मुठ्याच्या मुलीने केलेल्या गेमला एक दुपार.

'खाचर' हा लहान गेम. चित्रं साधी, वरून पाहिल्यासारखी. मुठा खोऱ्यातली भाताची चार खाचरं, एक घर, एक बैलजोडी, एका कोपऱ्यात फांद्यांचा ढीग. चैत्रात सुरू होतो. बाण नाही. सूचना नाही. कुणी येऊन काही सांगत नाही. तुम्ही पेरता, रोप लावता, कापता, आणि वर्ष पुन्हा फिरतं. पहिल्या वर्षी माझं भात चांगलं आलं. दुसऱ्या वर्षी निम्मं. तिसऱ्या वर्षी रोपं वर आली ती पिवळी, आणि त्यांच्यापेक्षा तण उंच. मी तिसरं वर्ष परत खेळलो. पिवळी. परत खेळलो. पिवळी. घड्याळ पाहिलं. पुरवणीचं पान दोन तासांनी लागायचं होतं.

मी लिहिलं – 'तिसऱ्या हंगामात हा गेम मोडतो. खेळाडूने काहीही केलं तरी रोपं पिवळी पडतात. हा प्रोग्रॅममधला सरळ दोष आहे, आणि तो खपवून घेण्याचं कारण नाही.' संगीत कंटाळवाणं आहे असंही लिहिलं. कापणीचा भाग लांबलेला आहे असंही. ती दोन वाक्यं मी आजही मागे घेत नाही. संगीत कंटाळवाणंच आहे.

पण पहिलं वाक्य? एखाद्यावर आरोप करायचा तर छापण्याआधी त्याला फोन करायचा, त्याची बाजू विचारायची. हे मी शिकाऊ बातमीदारांना पहिल्या दिवशी सांगत असे. अश्विनीने गेम पाठवताना केलेल्या मेलखाली तिचा नंबर होता. मी फोन केला नाही. गेमच्या परीक्षणाला कसली दुसरी बाजू?

परीक्षण रविवारी आलं. सोमवारी तिचा मेल आला. तो मला पाठ आहे; पाठ करायचा प्रयत्न केला नव्हता. 'सर, तिसऱ्या हंगामात दोष नाही. पहिल्या वर्षी वाफा भाजलेला मिळतो. पुढे तो दर वर्षी आपण भाजायचा असतो. कोपऱ्यातली कवळं त्यासाठीच आहेत. तुमचं आडनाव वाचून वाटलं होतं, हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.'

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुळशीत, मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, वाफा भाजतात. त्याला राब म्हणतात. जमिनीवर शेण पसरायचं, त्यावर कवळं – म्हणजे झाडांच्या तोडलेल्या पालेदार फांद्या – त्यावर गवत, सगळ्यांत वर बारीक माती, आणि पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं. राख मातीत राहते. राब भाजला नाही तर रोप पिवळं येतं आणि तण माजतं. हे आमच्याकडे सात वर्षांच्या पोराला माहीत असतं. मी बारा वर्षांचा होईपर्यंत दर उन्हाळ्यात डोक्यावरून कवळं वाहिलेली आहेत. मानेवर चीक लागून खाज सुटायची. आणि तो ढीग पडद्यावर, माझ्या डोळ्यांसमोर, तीन तास पडून होता. मला वाटलं, शोभेसाठी काढलाय.

आता इथे थांबलो असतो तर ही एक चूक झाली असती. विसरलो, घाई केली, चुकलो. अशा चुकांसाठीच ती चौकट होती. चार ओळी लागल्या असत्या.

मी थांबलो नाही. मेल वाचल्यावर त्याच दुपारी, ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर, मी 'खाचर' उघडला. तीच फाइल, जी परीक्षणासाठी आठवड्यापूर्वी उतरवून घेतली होती. ढिगावर माउसने टिचकी मारली. बैलगाडी आली, कवळं वाफ्यावर पडली, हाताला आलं त्या टोकाकडून मी पेटवलं, वाफा जळाला, माती काळी झाली. त्या वर्षी भात कमरेएवढं आलं. मी खुर्चीतून उठून पाणी प्यायलो. म्हणजे – मला कळलं होतं. संशयाला जागा नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते कळल्यानंतर झालं.

पुरवणीच्या संपादक, आम्ही त्यांना ताई म्हणायचो, बुधवारी माझ्या टेबलापाशी आल्या. अश्विनीने त्यांनाही मेल पाठवला होता.

"अरे, ही मुठ्याची मुलगी काय म्हणते? दुरुस्ती लावायची का?"

"गरज नाही," मी म्हणालो. "परीक्षण वाचून तिने फाइल बदलली असावी."

"असावी की बदलली?"

"असावी."

"बरं. तू म्हणतोस म्हणजे बघितलंच असशील," असं म्हणून त्या गेल्या. माझ्या शब्दावर त्या कधी दुसरा प्रश्न विचारत नसत. मीच त्यांना तशी सवय लावली होती.

का बोललो मी असं? सात वर्षांत मला एकच उत्तर सापडलं, आणि ते सबब म्हणून देत नाही, नोंद म्हणून देतो. चूक छापायची तर चूक काय ते सांगावं लागलं असतं. मुळशीच्या माणसाला राब ओळखता आला नाही, हे पुण्यातल्या त्या ऑफिसात छापावं लागलं असतं. मी तिथे आलो तेव्हा 'हाय' म्हणायचो, 'न्हाई' म्हणायचो. पहिल्याच महिन्यात कुणीतरी मला 'भातवाले' म्हणून हाक मारली, सगळे हसले, मीही हसलो. वर्षभरात मी तोंडातलं सगळं गाव खरवडून काढलं. इतकं काढलं की राबही गेला. आता राब गेला, हे त्याच लोकांना सांगायचं? गावाचाही राहिला नाही आणि इथलाही झाला नाही, हे स्वतःच्या हाताने चौकटीत बसवायचं?

ते मला जमलं नाही. एका मुलीचं नाव खराब करणं जमलं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास प्रदर्शनाच्या आयोजकांपैकी एका गृहस्थांचा फोन आला. सभ्य आवाज. त्यांनी सांगितलं, 'खाचर' अंतिम बारा गेममध्ये आहे. परीक्षणात दोष आहे असं छापून आल्यामुळे त्यांनी गेम पुन्हा तपासला, त्यांना दोष सापडला नाही. मुलगी म्हणते, दोष कधीच नव्हता. तुम्ही काय म्हणता?

प्रवेशाची मुदत परीक्षणाच्या पाच दिवस आधी संपली होती. मुदतीनंतर फाइलला हात लावला तर गेम बाद, हा त्यांचा नियम. मला तो नियम माहीत होता का? प्रदर्शनाची बातमी मीच केली होती. नियमांची यादी मीच छापली होती.

मी म्हणालो, "मी खेळलो तेव्हा दोष होता. फाइल नंतर बदललेली आहे."

बुधवारचं 'असावी' शुक्रवारी गळून पडलं. त्यांनी "खात्री आहे?" असं विचारलं. मी "हो" म्हणालो. त्यांनी आभार मानले. दोन मिनिटांच्या आत फोन संपला. नंतर मी पहिल्या पानाच्या मथळ्यांवर बसलो. जेवलो. त्या दिवसाचा आणखी काही तपशील मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचा मला राग येतो. काहीतरी व्हायला हवं होतं.

झालं एवढंच – हा गेम बाद झाला. अश्विनीने ताईंना आणखी एक मेल पाठवला, ताईंनी तो माझ्याकडे वळवला, मी तो 'निकाली' म्हणून ठेवून दिला. ती पुढे काही बोलली नाही. मी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला सोयीचा तो लावला. मीही पुढे चार वर्षं गेमची परीक्षणं लिहीत राहिलो. चौकटही चालवत राहिलो. एका शिकाऊ मुलाने मृताचं वय दोन वर्षांनी चुकवलं म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. हो, त्यानंतर. लाज वाटली नाही का? नाही वाटली. वाटली असती तर हे मी आज लिहीत नसतो, तेव्हाच लिहिलं असतं.

यंदा चैत्रात मी जुना कॉम्प्युटर बाहेर काढला. नोकरी संपली तेव्हा ऑफिसातले सगळे गेम मी त्यावर उतरवून आणले होते; त्यांत 'खाचर'ची ती फाइल होती. दुपारची वेळ. आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. ती सहसा माझ्या पडद्याकडे बघत नाही; बघितलं तरी "बंदुका हायेत का आज?" एवढंच विचारते. त्या दिवशी बैल बघून तिने चष्मा लावला. मी पहिलं वर्ष खेळलो, दुसऱ्या वर्षी सरळ पेरायला निघालो. मुद्दाम निघालो की सवयीने, मला सांगता येणार नाही.

"आरं, कुटं निघालास? वाफा कोन भाजंल?"

मी थांबलो.

"कोपऱ्यात कवळं पडल्यात की. दिसत न्हाईत व्हय तुला?"

"दिसत्यात."

"मग शेन टाक आदी. मग कवळं. वरनं गवात, मग माती. आन् वारा जातोय त्या टोकाकडनं पेटीव, म्हंजी जाळ सावकाश मागं मागं येतो."

मला टोक कळलं नाही. मी भलत्या बाजूने पेटवलं. पडद्यावर जाळ भडकला, अर्धा वाफा करपून गेला, अर्धा कच्चा राहिला. म्हणजे अश्विनीने वाराही घातला होता गेममध्ये. सात वर्षांपूर्वी माझा वाफा निव्वळ नशिबाने नीट भाजला गेला होता. आईने कपाळावर हात मारला.

"पेपरात व्हतास त्येच बरं हाय," ती म्हणाली.

पुढचे दोन तास ती सांगत होती आणि मी करत होतो. लसूण तसाच राहिला. चौथ्या वर्षी भात उभं राहिलं तेव्हा ती पडद्याला अगदी नाक लावून बघत होती.

"ह्यो कुनी केलाय? शेरातल्या मानसाचं काम न्हवं ह्ये."

"मुठ्याची येक पोरगी हाय."

"मग लई नाव झालं असंल तिचं."

"न्हाई झालं."

"का?"

मी उठून चहा ठेवला. तिने परत विचारलं नाही, पण कपबशी घेताना माझ्याकडे बघत राहिली – लहानपणी खोटं बोलल्यावर बघायची तशी. किंवा मला तसं वाटलं. वाटलं, एवढंच लिहितो.

चार दिवसांनी मी अश्विनीला फोन केला. जुन्या मेलखालचा नंबर चालू होता. नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "बोला सर." मी भेटायला येऊ का म्हणून विचारलं. रविवारी या म्हणाली.

मुठ्याला तिच्या घरासमोर ओटा आहे. ती तिथे खुर्ची टाकून बसली होती. वडील अंगणात पाइपचा तुकडा जोडत होते. आता ती हिंजवडीच्या एका कंपनीत इतरांच्या सॉफ्टवेअरमधले दोष शोधते. मी उभ्यानेच सांगून टाकलं. चार वाक्यं केली होती बसमध्ये, चारच बोललो.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यापासून. मी त्यांना विचारलं, कोण म्हणालं? त्यांनी तुमचं नाव सांगितलं. फाइलवर तारीख असते सर. कुणीही उघडून बघू शकतं. मी ती त्यांना पाठवलीसुद्धा. पण पेपरवाला सांगतोय म्हटल्यावर पोरीची तारीख कोण बघतंय?"

तिने मला बसायला सांगितलं नाही. पुढचं तिने मी न विचारताच सांगितलं, ओरडून नाही, कामाची माहिती द्यावी तसं. प्रदर्शनाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची यादी आहे. यादीखाली बाद झालेले गेम आहेत, कारणासकट. तिचं नाव शोधलं की पहिलं तेच पान येतं. तिने गेम करणाऱ्या चार कंपन्यांत अर्ज केला होता. तीन ठिकाणी मुलाखतीत त्या पानाबद्दल विचारलं. चौथ्या ठिकाणी तिने स्वतःच आधी सांगून टाकलं. तिथेही झालं नाही. मग तिने अर्ज करणं सोडलं, आणि गेम करणंही.

"आता काय करायचं म्हणता?" तिने विचारलं.

मी म्हणालो, आयोजकांना लिहून देतो. तिने आतून कागद आणला. मी लिहिलं, 'गैरसमजातून माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली.' तिने वाचलं.

"गैरसमज कुणाचा?"

मी कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं – मी खोटं बोललो. रोपं पिवळी आली ती मी राब भाजायला विसरलो म्हणून. दोष नव्हता हे मला तेव्हा माहीत होतं. न बदललेली फाइल माझ्याकडे आजही आहे. खाली सही केली.

"काय लिवलंय त्यात?" वडिलांनी अंगणातून विचारलं. ती त्यांच्यापाशी गेली आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. त्यांनी पाइप खाली ठेवला.

"पाव्हनं, म्हंजी तुमी राब भाजायचाच इसरला व्हय?"

"व्हय."

"गाव कुठलं म्हनला?"

"मुळशी."

ते हसले. चांगले हसले, ठसका लागेपर्यंत. "मुळशीचा मानूस, आन् राब इसरला!" त्यांनी दोनदा म्हटलं. मी उभा होतो. मग त्यांचं हसू थांबलं.

"ही पोरगी तीन म्हैनं माझ्या मागं फिरत व्हती," ते म्हणाले. "कवळं किती, माती किती, वारा कुटनं. म्या म्हनलं, कशापायी येवडं इचारतीस, कुनाला कळनार हाय? तर म्हनली, आप्पा, आपल्या मानसांना कळंल."

अश्विनी कागदाचा फोटो काढत होती. तिने वर पाहिलं नाही.

मी तिची माफी मागितली नाही. तुम्हाला हे खटकत असेल तर खटकू द्या. माफी मागितली की ती द्यायची की नाही, हे काम मी तिच्या गळ्यात घातलं असतं. सात वर्षं तिने माझं ओझं वाहिलं, त्यावर आणखी हे कशाला? आणि तुमच्याकडूनही मला काही नको. 'कबूल केलंत हेच मोठं' असं म्हणायला पुढे होऊ नका. ते मोठं नाही. पाण्यात पडलेला दगड पडलेलाच असतो, मी फक्त कुणी टाकला ते सांगतो आहे. मला कुणी शिव्या दिल्या तर त्या वाचेन, उत्तर देणार नाही. एकच म्हणेन. ज्या कुणाला 'खाचर' मिळेल त्याने तो खेळावा, आणि रोपं पिवळी पडली तर स्वतःकडे बघावं.

अश्विनीने माझा कागद, तिच्याकडची फाइल, मी घरी पोचल्यावर पाठवलेली माझ्या कॉम्प्युटरवरची फाइल आणि दोन्हींच्या तारखा त्याच संध्याकाळी आयोजकांना पाठवल्या. मेलची प्रत मला होती. अकरा दिवसांनी उत्तर आलं. त्या वर्षीची कागदपत्रं संस्थेने जपलेली नाहीत. निवड समितीतलं तेव्हाचं कुणी आता संस्थेत नाही. त्यामुळे जुन्या निर्णयात बदल करता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं.

आज दुपारी चार वाजता मी ते पान उघडून पाहिलं. यादीखाली 'खाचर' आहे, पुढे अश्विनीचं पूर्ण नाव आहे, आणि त्यापुढे 'फेरफारामुळे बाद' हे दोन शब्द आहेत.